बोथट बाण: सरावाला चांगला, पण सशावर सोडला तर थेट गुन्हा

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजाच्या अनेक घरांत आजही तिरकमठा भिंतीला टांगलेला दिसतो. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. परदेशातले धनुर्धारी बोथट टोकाचा बाण मारून ससे, खारी टिपतात, असे व्हिडीओ पोरं बघतात आणि घरीच तसे बाण करून बघतात. हा बोथट बाण नेमका काय असतो, कशासाठी चालतो आणि कुठे अंगलट येतो, ते समजून घेऊ.

बोथट टोक म्हणजे काय?

नेहमीच्या बाणाचं टोक अणकुचीदार असतं. सगळा जोर एका बिंदूवर येतो, म्हणून बाण आत घुसतो. बोथट बाणाच्या टोकाला लाकडाचं बोंड, रबराची टोपी किंवा चपटा लोखंडी तुकडा असतो. जोर तेवढाच असतो, पण तो पसरतो. बाण घुसत नाही, दणका देतो.

ही काही नवी गोष्ट नाही. पाखरं टिपण्यासाठी लाकडी बोंडाचे बाण जगात अनेक ठिकाणी पूर्वीपासून वापरात होते. आजकाल परदेशात एक स्प्रिंगवाला प्रकारही मिळतो. त्याच्या टोकाला तारेचे छोटे आकडे असतात. ते गवतात अडकतात, त्यामुळे बाण गवताखाली सरकून हरवत नाही.

सरावाला फायदा काय?

अणकुचीदार बाण झाडाच्या बुंध्यात किंवा ओल्या मातीत रुतला की काढताना मोडतो. बोथट बाण रुतत नाही, लगेच सापडतो आणि पुन्हा वापरता येतो. मोकळ्या माळावर कुजलेला ओंडका, मातीचं ढेकूळ यांवर नेम धरायला तो चांगला.

मात्र स्पर्धेच्या लक्ष्यावर तो टिकून राहत नाही, त्यामुळे गुण मोजता येत नाहीत. ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे, त्याला शेवटी टोकदार बाणाचाच सराव लागतो. टोकाचं वजन बदललं की बाणाची झेपही बदलते, हेही लक्षात ठेवावं.

बोथट म्हणजे निर्धोक नव्हे

स्पर्धेच्या आधुनिक धनुष्यातून बाण ताशी साधारण 200 किलोमीटर वेगाने सुटतो. बांबूच्या कामठ्याचा वेग कमी असला, तरी बोथट बाणानेही डोळा कायमचा जाऊ शकतो, डोक्याला गंभीर मार लागू शकतो. शिवाय असा बाण दगडावर, भिंतीवर किंवा जिवंत झाडाच्या बुंध्यावर आदळला की उलटा येतो.

म्हणून हे पाळाच:

- लक्ष्य मऊ असू द्या. पोत्यात चिंध्या भरून ते टांगा, किंवा गवताच्या पेंढ्या घट्ट बांधून ठेवा.
- लक्ष्यामागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड हवं. मागे वाट, गोठा, घर नको.
- सगळ्यांनी एकाच रेषेत उभं राहावं. सगळ्यांचे बाण सोडून झाल्यावरच गोळा करायला पुढे जावं.
- दर वेळी बाण हलका वाकवून बघा. कट् असा आवाज आला किंवा चीर दिसली, तर तो बाण टाकून द्या.
- बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नका, कामठा तडकतो.
- आकाशाकडे बाण सोडू नका. माणसाकडे किंवा जनावराकडे गमतीतही नेम धरू नका.
- लहान मुलांसोबत मोठं माणूस हवंच.

कायदा काय सांगतो?

परदेशातल्या व्हिडीओत दिसणारी शिकार तिथल्या परवान्यावर, ठरलेल्या हंगामात होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू आहे. ससा, तितर, घोरपड, मोर या सगळ्यांना त्यात संरक्षण आहे. मारणंच नव्हे, तर मारण्याचा प्रयत्न करणं, पाठलाग करणं हेसुद्धा 'शिकार' या व्याख्येत येतं. त्यामुळे 'बाण बोथट होता', 'लागलाच नाही' ही सबब चालत नाही.

साधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोर, घोरपड यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. गुन्ह्यात वापरलेली गाडी आणि हत्यारही सरकारजमा होऊ शकतं.

याच कायद्यात 'हत्यार' या शब्दात धनुष्यबाण नावानिशी येतो. म्हणून लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात तिरकमठा घेऊन जाणं हाही गुन्हा आहे, मग बाण बोथट असो की टोकदार. वनहक्क कायदा 2006 ने गौण वनोपजाचा आणि इतर पारंपरिक हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. शिकारीची रील टाकणारा तर स्वतःविरुद्धचा पुरावाच टाकतो.

दुसरी बाजू त्या जिवाची. घरगुती कामठ्याचा दणका अनेकदा अपुरा पडतो. ससा जागेवर मरत नाही, हाडं मोडलेल्या अवस्थेत झुडपात शिरतो आणि तिथे तडफडत राहतो.

रानडुकरांनी पीक खाल्लं तरी स्वतः बाण उचलू नका. लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे.

नेम चांगला असेल तर वाट आहे

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. महागडं धनुष्य परवडत नसेल, तरी बांबूच्या धनुष्यावर खेळली जाणारी 'इंडियन राउंड' ही वेगळी स्पर्धा आपल्या देशात होते. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तिची चौकशी करता येते.

ज्या घरात कामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरातल्या पोरांचा हात मुळातच बसलेला असतो. तो हात सशामागे लागला तर कोर्टाच्या तारखा, आणि लक्ष्यावर बसला तर मैदान. घरातल्या मोठ्यांनी हा फरक पोरांना आत्ताच समजावून सांगायला हवा.