अत्तर घेताना नावाला भुलू नका, अंगावर लावून पाहा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की आपल्या बाजारात कापड, शेवया आणि खजुराच्या जोडीने अत्तराच्या शिश्यांचीही खरेदी सुरू होते. मुंबईत महंमद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास तर तरावीहनंतर अत्तराच्या दुकानांसमोर उभे राहायला जागा मिळत नाही. जुम्याला आणि ईदला गुसल करून स्वच्छ कपडे घालावेत, खुशबू लावावी, ही सुन्नत आहे. त्यामुळे अत्तर ही आपल्याकडे चैनीची नव्हे तर घराघरातली वस्तू आहे. असे असूनही जो गृहस्थ कुर्त्याचे कापड घेताना ते दहा वेळा चिमटीत चोळून पाहतो, तोच गृहस्थ अत्तरवाल्याने मनगटावर काडी फिरवली की एकदा हुंगतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. कापडात जितकी फसवणूक होते त्याहून अधिक या एका हुंगण्यात होते.

अत्तराचा मला जुना शौक आहे. वेगवेगळी अत्तरे मी ठरवून, एका दिवशी एकच, याप्रमाणे लावून पाहिली आहेत. जोहरच्या नमाजनंतर एक थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला आणि एक थेंब पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर लावायचा आणि इशापर्यंत दोन्ही अधूनमधून हुंगायचे, एवढीच माझी पद्धत. त्यातून जे समजले आणि बाजारात जे दिसले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

अत्तर म्हणजे नेमके काय?

प्रथम माल समजून घेऊ. आपल्या देशात अत्तराचे मोठे केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातील कन्नौज. तेथील पारंपरिक पद्धत देग-भपक्याची आहे. देग म्हणजे तांब्याचे मोठे भांडे. त्यात पहाटे तोडलेली फुले आणि पाणी घालतात, झाकण बसवून फटी मातीने लिंपून बंद करतात आणि खाली लाकूड किंवा गोवऱ्यांचा जाळ लावतात. फुलांची वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. हा भपका. तो थंड पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. वाफ तेथे थंड होते आणि फुलाचा सुगंध चंदनाचे तेल शोषून घेते. खाली बसलेले पाणी काढून पुन्हा देगेत घालतात आणि ताज्या फुलांवर तेच काम परत करतात. असे कितीतरी दिवस चालते, तेव्हा तेल सुगंधाने भरते. पुढे चामड्याच्या कुप्पीत ठेवून त्यातला राहिलेला ओलावा घालवतात.

म्हणजे खऱ्या अत्तरात दोन गोष्टी असतात. एक फूल आणि दुसरा पाया, म्हणजे चंदनाचे तेल. चंदन न घालता फुलाचे किंवा मुळाचे निव्वळ तेल काढले तर त्याला रूह म्हणतात. उदाहरणार्थ रूह गुलाब, रूह खस. रूह नेहमीच महाग. गुलाबाचे एक किलो तेल निघायला तीन ते पाच टन फुले लागतात, एवढे सांगितले तरी पुरे. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँच्या आईने लावला असे बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. म्हणजे हा हुन्नर आपल्याकडे किती काळ सांभाळला गेला आहे, ते लक्षात यावे.

लावल्यावर काय होते?

गुलाब: चांगला गुलाब पहिल्या क्षणी फार गोड लागत नाही. त्यात थोडा हिरवा, थोडा मधासारखा वास असतो. तासाभराने फूल मागे जाऊ लागते आणि चंदन पुढे येते. मगरिबच्या सुमारास मनगटावर बहुतेक चंदनच राहते, पण त्याला गुलाबाची छटा असते. ज्या शिशीतला गुलाब सकाळी जसा तसाच रात्रीपर्यंत एकाच सुरात राहतो, तो फुलाचा असण्याची शक्यता कमी.

मोगरा: उन्हाळ्यात दुपारी लावला तर जीव सुखावतो, पण खरा मोगरा नाजूक असतो. घामाबरोबर तो लवकर उतरतो. डोके दुखेल इतका तीव्र आणि दोन दिवस टिकणारा मोगरा मिळाला तर कौतुक न करता शंका घ्यावी.

खस: माझ्या मते आपल्या हवामानाला याच्यासारखे अत्तर नाही. ओल्या मुळांचा, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यावर येतो तसा वास. तो घाईत उडत नाही. सकाळचा खस रात्री अधिक गोल, अधिक मऊ होतो. तांब्याच्या देगेतली रूह खस हिरवट दिसते, पण नुसता हिरवा रंग पाहून खात्री धरू नये. रंग कोणालाही घालता येतो.

मिट्टी: भाजलेल्या मातीपासून देग-भपक्यातच काढतात. पहिल्या पावसाचा वास तंतोतंत मिळतो, पण तो लावणाऱ्यालाच अधिक जाणवतो, शेजाऱ्याला कमी. ज्यांना मिरवायचे नाही त्यांनी हे वापरावे.

केवडा: ओडिशातील गंजाम जिल्हा याचा मुलूख. पहिली अर्धी घटका हा सगळ्यांवर मात करतो, नंतर झपाट्याने शांत होतो. थेंबाऐवजी काडीचे टोक पुरे. खस, मिट्टी, केवडा आणि कदंब एकत्र करून मजमूआ बनवतात. एकच अत्तर घ्यायचे असेल तर उन्हाळ्यासाठी मजमूआ घ्यावे, असे मी सांगेन.

हिना आणि शमामा: नावात हिना असली तरी यात मेंदीच्या फुलांपेक्षा जडीबुटी, मसाले आणि मुळे यांचे काम मोठे. ही गरम तासीरची अत्तरे मानली जातात आणि थंडीतच शोभतात. पहिला अर्धा तास औषधाच्या दुकानात बसल्यासारखे वाटते; त्यावरून निकाल देऊ नये. तीन तासांनी जी ऊब येते ती दुसऱ्या दिवशीही शेरवानीत सापडते.

ऊद: आसामातील अगरच्या झाडाला विशिष्ट बुरशी लागली की आत राळ धरते, त्या लाकडाचे हे तेल. सुरुवातीला कातड्यासारखा, कोणाला गोठ्यासारखाही वास येतो. पहिल्यांदा लावणारे नाक मुरडतात. दोन तासांनी तेच मागतात.

कस्तुरी आणि अंबर यांबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि खरा अंबर ज्या देवमाशापासून मिळतो त्यालाही याच कायद्याचे संरक्षण आहे. दोन्हींचा व्यापार गुन्हा आहे. म्हणून ‘असली मुश्क’ म्हणून जे विकले जाते ते रसायनशाळेतले असते, आणि ते खरोखर असली निघाले तर गिऱ्हाइकाने त्यापासून दूरच राहावे.

भावाचे गणित

आता व्यापाराचा मुद्दा. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. हिशेब सोपा आहे: एक मिलिलिटरला निदान शंभर रुपये. बाजारात १२ मिलिलिटरच्या शिशीला तोळा म्हणतात. म्हणजे एका तोळ्यात नुसत्या पायाचेच बाराशे रुपये झाले. त्यावर फुले, जळण, कारागिराची मजुरी, दुकानदाराचा नफा. मग दीडशे रुपये तोळ्याने ‘चंदनातला असली गुलाब’ कसा मिळेल? तो मिळत नाही, मिळू शकत नाही.

चंदन महाग झाले तसा पाया बदलत गेला. त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी आले. डीओपी हे रेक्झिन आणि प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरायचे तेल आहे. युरोपियन युनियनमध्ये सौंदर्यप्रसाधनांत ते वापरायला बंदी आहे. त्यात रासायनिक सुगंध मिसळला की शिशी तयार होते. याचा फटका दोघांना बसतो. गिऱ्हाइकाला जे सांगितले ते मिळत नाही, आणि कन्नौजचा जो कारागीर आजही देगेजवळ जाळ सांभाळत बसतो त्याचा माल ‘महाग’ ठरून पडून राहतो. कन्नौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट. पण सुट्या विक्रीत, मोठ्या बाटलीतून छोट्या शिशीत ओतताना, मानांकन कोण पाहतो?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रासायनिक सुगंध विकणे हा दोष नाही. गरीब माणसालाही ईदला खुशबू हवी आणि पन्नास रुपयांत ती मिळाली पाहिजे. कित्येक कॉम्पाउंड वासाला उत्तम असतात. दोष आहे तो खोट्या नावात. कापडाच्या धंद्यात टेरिकॉट विकायला बंदी नाही. पण किनारीवर पॉलिस्टर किती आणि सूत किती ते छापलेले असते. टेरिकॉट सुती म्हणून विकले तर ती बेइमानी. अत्तराच्या शिशीला अशी किनार नाही, म्हणून विकणाऱ्याची जबान हीच तिची किनार. प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ती ओल लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण मुलांना शिकवतो. तो दुकानाच्या गल्ल्यावरही आठवला पाहिजे.

खरेदी करताना

१. दुकानात तीनपेक्षा जास्त अत्तरे हुंगू नका. त्यानंतर नाक थकते आणि सगळेच चांगले वाटते.

२. मनगटावर लावून बाजारात दुसरी कामे करा आणि दोन-तीन तासांनी ठरवा. इमानदार दुकानदार याला नाराज होत नाही.

३. वास बदलतो का ते पाहा. फुलाचे अत्तर उलगडत जाते. स्वस्त कॉम्पाउंड बहुधा एकसारखे राहते किंवा एकदम संपते.

४. ‘पाया कशाचा?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. तोंडी ‘असली’ सर्वजण म्हणतात, बिलावर लिहिताना हात थांबतो.

५. कागदावर डाग राहिला म्हणजे भेसळ, असे सांगतात. पण चंदनाचे तेलही सावकाश उडते, म्हणून एवढ्यावरून निकाल काढू नये. मोठा सौदा असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. कन्नौज येथील सुगंध व सुरस विकास केंद्रात अशी तपासणी होते.

६. ‘अल्कोहोल-मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘फुलाचे’ असा होत नाही. डीओपीतही अल्कोहोल नसते.

७. नवे अत्तर आधी थोडेसेच लावा. खाज किंवा लाली आली तर धुऊन टाका.

कपड्यांबद्दल शेवटचे, कारण ही तक्रार ईदनंतर हमखास ऐकू येते. अत्तर तेल आहे. पांढऱ्या कुर्त्यावर सरळ लावू नये. हिना, शमामा आणि ऊद यांचा रंग गडद असतो, डागावर इस्त्री फिरली की तो पिवळा होऊन बसतो. पॉलिस्टर तेल धरून ठेवते, त्यातून वास आणि डाग दोन्ही लवकर निघत नाहीत; सुती कापड साबणाने लवकर साफ होते. मनगटावर, कानामागे किंवा कापसाचा फाया करून कानात ठेवावे, ही बुजुर्गांची रीत कपड्यालाही सोयीची आहे. डाग पडलाच तर पाणी लावण्याआधी खडूची भुकटी टाकून तेल शोषून घ्यावे, मग साबण लावावा.

यंदा ईदला पाच स्वस्त शिश्या घेण्याऐवजी घरात मिळून एक पाव तोळा, म्हणजे ३ मिलिलिटर, खरे अत्तर घेऊन पाहा. रोज एक थेंब पुरतो. नाकाला एकदा खऱ्याची ओळख पटली की पुढच्या वेळी काउंटरवर कोणी काय सांगतो आहे, ते तुमचे तुम्हालाच कळेल.