अमेरिकेतील फूट आणि खानदेशचा कापूस

१८६०-६१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यातून फुटली, यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथूनच येत असे. तो आटताच लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले आणि मुंबईचे दलाल गुजरात, वऱ्हाड व खानदेशाकडे.

खानदेशी कापूस आखूड धाग्याचा. एरवी लँकेशायर तो नाइलाजानेच घेई. आता मात्र त्याचे भाव चौपटीपर्यंत चढले. ज्वारी-बाजरीच्या रानात कपाशी शिरली, धान्य महागले. सरकी, माती आणि पाणी मिसळलेल्या गाठी इतक्या सर्रास निघू लागल्या, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. याच काळात लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकत होता. पण कसारा घाटात रूळ पडेपर्यंत माल बैलगाड्यांनीच खाली उतरवावा लागे. १८६५ च्या जानेवारीत घाटातून आगगाडी धावू लागली आणि एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला.

तहाच्या वार्तांनी आधीच ढिले पडलेले भाव आता कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायदे चुकते करण्याचा दिवस होता. त्या सुमारास पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे साम्राज्य ढासळले, बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. ही कथा मुंबईने पुष्कळदा सांगितली आहे. त्यामानाने शेतकऱ्याची हानी उपेक्षित राहिली, आणि ती अधिक काळ टिकणारी होती. तेजीत जमिनीची पत वाढली म्हणून सावकाराने हात सैल सोडला होता. त्या भरवशावर काढलेले कर्ज मंदीच्या भावाने फेडायचे होते, आणि शेतसारा तर रोखीतच भरायचा होता. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यांच्या चौकशीतही कापसाच्या तेजीने फुगलेल्या कर्जाचा उल्लेख आला.

जळगावचे मात्र वेगळे झाले. युद्धकाळात ते कापसाची मोठी पेठ बनले होते. भाव पडल्यावर त्यालाही झळ बसली, तरी रेल्वे हाताशी राहिल्याने व्यापार सावरला. जिन आणि प्रेस वाढले, १८७० च्या दशकात खानदेश मिल उभी राहिली. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून जळगावची निवड झाली.