जयपूर फूट आणि अरमंडी

भरतनाट्यम अनवाणी नाचतात. गुडघे बाहेर वाकवून अरमंडीत बसायचं आणि तळपाय जमिनीवर आपटायचा. हे कृत्रिम पायावर?

मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी ते करून दाखवलं. 1981 मध्ये तामिळनाडूत त्यांच्या बसला अपघात झाला. जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मग आला जयपूर फूट हा कृत्रिम पाय, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांची करामत. रबराच्या या पावलाला बूट लागत नाही, उकिडवंही बसता येतं. तरी नाचताना वेदना व्हायच्याच (हे कौतुकाच्या भरात विसरलं जातं).

1984 मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उतरल्या. पुढे त्यांच्याच आयुष्यावर ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट निघाला. नायिका अर्थात त्याच!