नागऱ्याहून कान्ह्याला

घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. म्हणून धान घरात येताच कान्ह्याच्या सहलीची आखणी बाबांनी माझ्यावर सोपविली.

वाट उत्तरेची. वाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश. मग बालाघाट, बैहर आणि मुक्कीचे फाटक. उद्यान १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. बुधवारी दुपारची फेरी नसते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. जिप्सी व वाटाड्या घ्यावाच लागतो. आरक्षण आधीच, नावानिशी करावे. मूळ ओळखपत्र जवळ हवे. जानेवारीच्या पहाटे गवतावर दव गोठते, तेव्हा घोंगड्या न्याव्यात.

वाघ दिसेलच असे नाही. बाराशिंगा मात्र अवश्य पाहावा. १९७० साली तेथे अवघे ६६ उरले होते. कुंपणातील पैदास व राखलेली कुरणे यांमुळे ते वाचले. काही कुरणांच्या जागी पूर्वी बैगा-गोंडांची गावे होती. ती उठविली गेली. हे वाचून दाखविताच आजीने विचारले, "अन् ती माणसं कुठं गेली?" माझ्या आखणीत त्याचे उत्तर नव्हते.

जिप्सीत जागा सहा, आम्ही सात. सहावे नाव मी आजीचे लिहिले. मी फाटकाशी थांबेन. तिने काय पाहिले, ते तिच्याच तोंडून ऐकेन.