चाकांवरचे घर आणि हातातला पाना

घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, एक दार आणि रेशनकार्डावरचा पत्ता उभा राहतो. अमेरिकेत मात्र हजारो माणसांच्या घराला चाके आहेत. व्हॅनमध्ये किंवा छोट्या बसमध्येच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी. याला तिकडे मोटरहोम म्हणतात. सुखवस्तू कुटुंबे सुटीपुरती त्यातून हिंडतात. आम्ही लिहीत आहोत ते ज्यांना याशिवाय दुसरे घरच नाही, त्यांच्याविषयी. त्यांत उतारवयातल्या एकट्या स्त्रियाही आहेत.

पत्रकार जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने ही माणसे जगापुढे आणली. २००८ च्या मंदीत कुणाची नोकरी गेली, कुणाचे घर गेले. पेन्शनमधून भाडे भागेना. मग जुनी व्हॅन घेऊन ही माणसे हंगाम येईल तिकडे निघाली. कधी बीट काढणीला, कधी सणासुदीला मालाच्या गोदामात, कधी सहलीच्या तळावर झाडलोटीला.

याच पुस्तकावर क्लोई झाओ यांनी २०२० मध्ये चित्रपट काढला आणि २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातली फर्न ही विधवा बाई कल्पित आहे, पण तिचे एम्पायर गाव खरे आहे. नेवाडा राज्यातील या गावचा जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि कंपनीची घरे कामगारांना सोडावी लागली. कारखाना बंद पडल्यावर घरात काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एकदा वाळवंटात फर्नच्या गाडीचा टायर बसतो आणि तिच्याजवळ स्टेपनी नसते. स्वँकी नावाची वडीलधारी बाई तिला चांगलीच खडसावते. अशा निर्जन जागी स्टेपनीवाचून राहिलीस तर जीव जाईल, असे बजावते. ही स्वँकी प्रत्यक्षातही व्हॅनमध्येच राहणारी होती.

एकट्या माणसाला वाटेत काय काय करावे लागते? रेडिएटरचा होज पाईप फुटला तर आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. तापलेले झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. मग पाईप पुसून रबरी टेप ताणून गुंडाळायची, पाणी भरायचे, झाकण थोडे सैल ठेवायचे आणि काट्यावर नजर ठेवून हळूहळू गॅरेज गाठायचे. सायलेन्सर लोंबला तर तारेने बांधायचा, सुतळीने नव्हे, कारण ती जळते. मोटरहोममध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक घरातल्या दिव्या-पंख्याची. इंजिनाची उतरली तर जाड केबलने घरातल्या बॅटरीचा जोर देऊन गाडी चालू करता येते.

पण जुगाडालाही मर्यादा असते. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार घातली तर गाडी पेटू शकते. फुटक्या सायलेन्सरचा धूर झोपायच्या जागेत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने माणूस झोपेतच जातो. ब्रेक बिघडले तर गाडी जागची हलवायची नाही.

चित्रपटात पुढे फर्नची गाडी मोठी बिघडते. दुरुस्तीचा खर्च निघतो दोन हजार डॉलरच्या वर. गॅरेजवाला म्हणतो, हा पैसा दुसऱ्या गाडीत घाला. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या वहीत गाडीचा दरवर्षी घसारा लावतात, म्हणून गॅरेजवाल्याचा हिशेब आम्हाला कळतो. पण फर्न त्या गाडीत राहते. तिने आतली फळी न् फळी हाताने बसवली आहे. गाडी गॅरेजात गेली की तिचे घरही गेले. शेवटी तिला बहिणीच्या दारी पैसे मागायला जावे लागते. हंगामी मजुरीत पोट भरते, पण अडीअडचणीला चार पैसे मागे राहत नाहीत. पाना चालवणारे हात कितीही हुशार असले, तरी ही उणीव त्यांना भरून काढता येत नाही. म्हातारपणी हक्काचे छप्पर आणि पुरेसे पेन्शन लागतेच.

तरीही ते हात हवेतच. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाजवळ हिवाळ्यात ही माणसे जमतात आणि ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. त्यात बाई-पुरुष असा भेद नसतो.

आपल्याकडेही कित्येक घरांत रिक्षा किंवा टेम्पोवर चूल पेटते. त्या घरातल्या लेकी-सुनांना चाक बदलता येते का? येत्या रविवारी त्यांच्या हाती जॅक आणि पाना द्या. स्टेपनीत हवा आहे का ते बघा. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आतून तडकते. मुलांकडून ते आकडे वाचून घ्या आणि टायरचे वय काढायला सांगा.