दोन बॅटऱ्यांच्या मालमोटारीतील बॅटऱ्या काढताना व जोडताना घ्यावयाची दक्षता

उसाचा गळीत हंगाम संपला की पुष्कळ मालमोटारी पावसाळाभर पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहतात. अशा वेळी बॅटऱ्या काढून घरात ठेवणे हिताचे असते. वापराविना पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरते, आणि त्याच स्थितीत महिनोन्‌महिने राहिल्यास तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरट थर घट्ट बसून पुढे ती पुरती भरत नाही. परंतु हे काम बहुधा ज्याच्या हाती पाना असेल त्याच्यावर सोपविले जाते. बॅटरीला हात लावला तरी धक्का बसत नाही, तेव्हा तिच्यात भिण्यासारखे काही नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत घातक आहे.

मोठ्या मालमोटारीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळविलेला असतो. पहिल्या बॅटरीचे ऋण टोक जाड तारेने गाडीच्या चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जोडलेले असते. तिचे धन टोक एका आखूड जोडतारेने दुसरीच्या ऋण टोकाला, आणि दुसरीचे धन टोक सेल्फकडे जाते. यावरून ध्यानात येईल की, गाडीचे सारे लोखंड हे बॅटरीचे ऋण टोकच होय. चासीची तार जोडलेली असताना धन टोकाची चक्की सैल करावयास गेलेला पाना जर बाजूच्या पट्टीला टेकला, तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. पाना क्षणात लाल होतो, कधी तेथेच चिकटून बसतो. गेल्या हंगामात एका तरुण चालकाच्या हातातील पोलादी कडे असेच मध्ये सापडले. मनगटावरचा भाजल्याचा व्रण त्याने मला दाखविला. कडे, अंगठी व घड्याळ आधी काढून ठेवावे, हे सांगण्यास आणखी कारण नको.

दुसरा धोका ठिणगीचा. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ इतके झाले तरी ठिणगीने त्याचा भडका होतो, बॅटरी फुटते व गंधकाम्ल डोळ्यांत उडते. म्हणून नुकत्याच चाललेल्या गाडीची बॅटरी लगेच उघडू नये. झाकण काढून थोडा वेळ वारा लागू द्यावा. विडी-काडी दूर ठेवावी. डोळ्यांवर चष्मा असावा व जवळ स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवावी. अम्ल डोळ्यांत गेलेच, तर निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन मगच दवाखाना गाठावा.

आता काढण्याचा क्रम. सर्व दिवे बंद करून किल्ली काढून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या बहुतेक अवजड गाड्यांत युरियाच्या द्रावाची टाकी असते. इंजिन बंद झाल्यावर नळीतील द्राव टाकीत परत ओढला जातो, त्यासाठी काही मिनिटे थांबणे अवश्य आहे. नंतर कोणती तार कोठे होती हे खडूने लिहून ठेवावे. जुन्या गाडीत दोन्ही तारा वंगणाने काळ्या झालेल्या असतात, तेव्हा रंगावर विसंबू नये. बॅटरीवरील अधिक-उणे खुणा पाहाव्या.

प्रथम चासीची ऋण तार काढावी. ती बाजूला बांधली की पाना लोखंडाला लागला तरी भय उरत नाही. नंतर मधली जोडतार काढावी, म्हणजे २४ व्होल्टची जोडी तुटते. शेवटी सेल्फकडे जाणारी धन तार काढावी. उघड्या टोकांवर जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. पाना दोन टोकांवर आडवा पडू देऊ नये, कारण चासीची तार काढल्याने हा धोका टळत नाही. एकेक बॅटरी तीस किलोहून जड असू शकते, तेव्हा दोघांनी सरळ धरून उचलावी.

जोडताना क्रम अगदी उलटा ठेवावा: धन तार, मग जोडतार, आणि सर्वांत शेवटी चासीची तार. टोकांवरील पांढरा-हिरवा मळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, पण ते पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये. कोरडे करून तारा घट्ट आवळाव्या व वर व्हॅसलीन लावावे. तारा उलट लागल्यास अल्टरनेटर जळतो.

काही परदेशी बनावटीच्या छोट्या ट्रकांत दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडून दाब १२ व्होल्टच ठेवलेला असतो. मधली तार धन टोकावरून धन टोकाकडे जात असेल, तर हा प्रकार समजावा. तेथे दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके आधी सोडवावी लागतात.

टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढण्याची खोड चालकांना असते. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी अति भरते, व लवकरच दोन्ही बदलाव्या लागतात. बदलताना जोडीने, एकाच क्षमतेच्या घ्याव्या.

काढलेली बॅटरी पूर्ण भरून, हवेशीर व मुलांच्या हाती न लागेल अशा जागी ठेवावी. काही तास विसावलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. महिन्यातून एकदा तो मोजावा आणि १२.४ च्या खाली गेल्यास पुन्हा भरून घ्यावी.