झाकली मूठ आणि हातातला फोन



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरची अडचण चारचौघांत सांगत फिरू नये, एवढाच तिचा अर्थ असता तर आपली काही तक्रार नव्हती. परंतु घरच्या कर्त्या पुरुषाने ती म्हण आपल्या मनालाही लावून घेतली आहे. कर्जाचा हप्ता थकला आहे, पावसाने ओढ दिली आहे, कारखान्यातली एक पाळी बंद होणार अशी कुणकुण लागली आहे, पण त्याला विचाराल तर उत्तर ठरलेले : "बरं चाललंय!" ही मूठ वेळीच उघडावी कशी, आणि त्या कामी खिशातला फोन कितपत उपयोगी पडतो, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम नैराश्य म्हणजे काय ते पाहू. दुःख हा आजार नव्हे. पीक बुडाले तर वाईट वाटणारच. पण चार दिवसांनी माणूस उठतो, पुन्हा औत जुंपतो. नैराश्यात तसे होत नाही. मन सतत खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही. झोप उडते, भूक मंदावते, अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असा विचार घर करतो. अशा तक्रारी दिवसचे दिवस, दोन आठवडे वा अधिक टिकल्या, तर तो आजार असण्याचा संभव आहे हे ओळखावे. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

पुरुषांच्या बाबतीत मात्र एक अडचण असते. त्यांच्यातला हा आजार पुष्कळदा दुसऱ्याच सोंगात येतो. "मला उदास वाटतं" असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं दुखतं," "पाठ भरून आलीय." तो मुलांवर उगाच खेकसतो, पारावर येईनासा होतो, संध्याकाळची एक बाटली दोनवर जाते. घरचे म्हणतात, हल्ली स्वभाव बिघडला. स्वभाव बिघडलेला नसतो. मन थकलेले असते.

याची किंमत किती, तेही पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. दर चार जणांमागे एकाहून थोडे अधिक लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. राज्यवार पाहता सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६ होता. यातला प्रत्येक मृत्यू नैराश्यामुळेच झाला असे कोणी म्हणू नये. कर्ज, दुखणे, घरातला कलह, व्यसन अशी कारणे एकात एक गुंतलेली असतात. पण वेळीच बोलायला कोणी मिळाले असते, तर यातली कितीतरी घरे आज उघडी पडली नसती.

मग ही माणसे उपचारांकडे का जात नाहीत? बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले, की नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे पंच्याऐंशींना उपचार मिळतच नव्हते. डॉक्टर दूर आहेत, हे एक कारण. रोज बुडवून तालुक्याला जायचे म्हणजे मजुरी गेली, वर एस.टी.चे भाडे, हे दुसरे. आणि तिसरे कारण म्हणजे ते दार. 'त्या' डॉक्टरच्या दारात मला कोणी पाहिले तर? गाव काय म्हणेल? मुलीला स्थळ येईल का?

फोनची खरी करामत इथे आहे. फोनला दार नाही. बांधावर बसून, ट्रकच्या केबिनमधून, रात्रपाळी सुटल्यावर सायकल बाजूला लावून माणूस बोलू शकतो, आणि कोणी पाहत नाही.

पण नुसते बोलून काय होणार, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. या उपचारातली एक सोपी रीत समजून घेऊ. विहिरीवरचा पंप आपल्याला ठाऊक आहे. त्यात आधी थोडे पाणी भरावे लागते. कोरडा पंप कितीही फिरवला तरी पाणी ओढीत नाही. मनाचेही काहीसे असेच आहे. आपण समजतो, की हुरूप आला म्हणजे काम करू. नैराश्यात हुरूप येतच नाही, म्हणून माणूस पडून राहतो, आणि पडून राहिल्याने अधिकच खचतो. तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात करायची. हुरूप नसला तरी ठरलेले छोटे काम करायचे : सकाळी मळ्यापर्यंत चालून यायचे, मित्राकडे दहा मिनिटे बसायचे, सोडून दिलेले भजन पुन्हा धरायचे. आधी कृती, मागून हुरूप. हळूहळू पंप पाणी धरू लागतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगात' या संस्थेने याच रीतीची परीक्षा घेतली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलून हा उपचार दिला, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने अधिक गुण आला. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

हीच रीत फोनमध्ये घालता येईल काय? ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅक डॉग इन्स्टिट्यूटने नोकरदार माणसांसाठी 'हेडगिअर' नावाचे ॲप तयार केले. ज्या धंद्यांत पुरुषांचा भरणा अधिक, ते डोळ्यांसमोर ठेवून त्याची घडण झाली. तीस दिवस, रोज एक लहानसा पाठ. दोन हजारांहून अधिक कामगारांवर त्याची चाचणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले, की वर्षभरात नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण हे ॲप वापरणाऱ्यांत कमी राहिले. म्हणजे पीक येण्याआधी कुंपण घालावे, तसे आजार येण्याआधी मनाला कुंपण घालता येते.

तरीही यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नये. अशी ॲप अनेकजण हौसेने घेतात आणि आठवड्यात विसरतात. शिवाय ज्याला आपण आजारी आहोत हेच उमगलेले नाही, तो फोन करील कशाला? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन या दुखण्याविषयी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार उपचार घेऊ पाहत होते. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. फोन हा पूल खरा, पण माणसाला पुलापर्यंत हाताला धरून न्यायला माणूसच लागतो.

आपल्याकडे असा पूल बांधलेला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक आहे १४४१६. पुन्हा सांगतो : एक चार चार एक सहा. दिवसरात्र केव्हाही, मराठीतून, विनामूल्य. साधा बटणांचा फोनही चालतो. आधी शिकवून तयार केलेला समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मानसतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो, आणि प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो. पहिल्या दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक फोन तिथे आले. तेव्हा फोन करणारा आपण एकटे नाही, हे ध्यानात असू द्यावे. २०२४ साली या सेवेचे ॲपही निघाले.

फोनच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फोनने कर्ज फिटत नाही आणि पाऊस पडत नाही. एका खोलीच्या घरात मोकळे बोलता येत नाही. अशा वेळी बाहेर जाऊन बोलावे. आणि कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" असे बोलू लागला, निरवानिरव करू लागला, तर नुसता क्रमांक देऊन भागणार नाही. त्याला एकटे सोडू नये, १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, दवाखान्यात सोबत जावे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारायला भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही धास्तीही बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे तीव्र ताणाने ग्रासलेला म्हणून पाहिले आहे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. घरात काय चालले आहे हे शाळेतल्या पोराच्या चेहऱ्यावर गुरुजींना सर्वांत आधी दिसते. "बाबा बोलतच नाहीत," असे एखादा मुलगा सांगेल, तेव्हा ती तक्रार हलकी समजू नका. सवडीने त्याच्या वडिलांना भेटा. उपदेश करू नका, "धीर धर" एवढे म्हणून उठू नका. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, की हळूच विचारा, "झोप लागते का रे रात्री?" पुरुष या प्रश्नाला खरे उत्तर देतो. मग १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्या, आणि जमल्यास पहिला फोन त्याच्याजवळ बसून लावा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा चौकशी करा.

शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. त्याखाली हे पाच आकडे लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरेल.